पट्टा, शाफ्ट आणि तार: अमेरिकेतल्या जुन्या यंत्रांच्या वाटेवर

घोडा असो, ओढा असो नाहीतर वाफेचं इंजिन, जोर कुठून येतो हे सगळे सांगतात. तो जोर करवतीपर्यंत किंवा मळणीयंत्रापर्यंत न्यायचा कसा, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांचं निम्मं डोकं याच प्रश्नात खर्ची पडलं होतं. ऑगस्टमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, कागलजवळच्या आमच्या गावाहून न्यू जर्सीला आले, तेव्हा त्यांना नायगारा दाखवायचा की हे, असा प्रश्न पडला. अण्णांनी लहानपणी बैलाच्या चरकावर ऊस गाळलाय, पुढे ऑइल इंजिनच्या पट्ट्यावर. त्यामुळे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "धबधबा काय, पाणी वरनं खाली पडणार. ते यंत्राचं बघू."

पहिला दिवस: लॉवेल, मॅसॅच्युसेट्स

लॉवेल हे कापडगिरण्यांचं गाव, शेतीशी त्याचा थेट संबंध नाही. तरी सुरुवात इथूनच करायची होती, कारण पुढे शेतात आणि वखारीत जो पट्टा पोचला त्याची मोठी परीक्षा इथे झाली. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे बत्तीस फूट खाली उतरते. ते पाणी कालव्यांनी गावभर फिरवून गिरण्यांना दिलं होतं.

इंग्लंडमधल्या गिरणीत तळघरातल्या पाणचक्कीपासून उभा लोखंडी दांडा वरच्या मजल्यांपर्यंत जायचा आणि प्रत्येक मजल्यावर दातेरी चाकांनी वळण घ्यायचा. तसले दाते नीट कापणारे कारागीर अमेरिकेत तेव्हा कमी. ओबडधोबड दाते खडखडायचे, झिजायचे, आणि एक तुटला की सगळा मजला ठप्प. 1828 मध्ये पॉल मूडी यांनी इथल्या ॲपल्टन गिरणीत मुख्य चाकापासून वरच्या शाफ्टपर्यंत, म्हणजे छताजवळच्या फिरत्या दांड्यापर्यंत, दातेरी चाकांऐवजी चामड्याचा रुंद पट्टा चढवला. पट्ट्यामुळे शाफ्ट हलके झाले, जोरात फिरवता आले आणि आवाजही कमी झाला.

बूट गिरणीच्या विणकाम खात्यात आजही माग चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे देतात. त्यातले मोजकेच माग चालू असतात, तरी पायाखालची जमीन थरथरते. छताला शाफ्टांच्या रांगा आणि प्रत्येक मागाला एक पट्टा. अण्णांची नजर मागाकडे नव्हतीच. ते वर बघत होते. "पट्टा सुटत कसा न्हाई गं पुलीवरनं? कड तर कुठंच दिसंना."

गोम पुलीच्या पोटात आहे. पुली वरवर सपाट दिसते, पण मध्ये किंचित फुगीर असते. पट्टा उतारावरून घसरून बाहेर पडेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. फिरता पट्टा जास्त व्यासाच्या बाजूला ओढला जातो, म्हणजे उंचवट्यावर चढतो आणि तिथेच मुक्काम करतो. डोक्याला न पटणारी आणि डोळ्यांना दिसणारी ही गोष्ट. अण्णांनी गावच्या पिठाच्या गिरणीतली पुली आठवून पाहिली आणि म्हणाले, "व्हय, पोटाला फुगीर हुती खरी."

दुसरा दिवस: स्टरब्रिज, आणि जाता जाता हँकॉक

ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज म्हणजे 1830 च्या सुमाराचं न्यू इंग्लंडचं गाव पुन्हा उभं केलंय. आम्ही थेट तळ्याकाठच्या करवतखान्यात गेलो. इथली करवत गोल नाही, उभी आहे. लाकडी चौकटीत ताणून बसवलेलं पातं, खाली पाण्याचं चाक, त्याच्या टोकाला क्रँक. चाक फिरलं की चौकट वरखाली होते. करवत एकदा खाली आली की एक खुंटी दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलते आणि ओंडक्याचा गाडा तेवढाच पुढे सरकतो. म्हणजे कापायलाही तोच ओढा आणि ओंडका सरकवायलाही तोच. माणूस फक्त ओंडका चढवतो, फळी उतरवतो आणि मधल्या वेळात तपकीर ओढतो, असं तिथला करवत्या हसत म्हणाला.

या करवतीची खूण फळीवर राहते, सरळ आणि समांतर ओरखडे. गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे. जुन्या घराच्या माळ्यावर टॉर्च घेऊन गेलं आणि तुळईवर कमानी दिसल्या, तर ते लाकूड बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं, असा ढोबळ अंदाज इथले जाणकार लगेच बांधतात.

गोल करवतीची एक गोष्ट या भागात हमखास ऐकू येते. हार्वर्ड गावच्या शेकर या ख्रिस्ती पंथातल्या टॅबिथा बॅबिट यांनी 1813 च्या सुमारास दोन माणसांना करवत ओढताना पाहिलं, मागे येताना निम्मी मेहनत वाया जाते हे ओळखलं आणि चरख्याला पत्र्याची दातेरी चकती लावली. गोष्ट छान आहे आणि मला ती खरी असावी असं फार वाटतं. पण इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांच्या 1777 च्या पेटंटात गोल करवत आहेच. बाईंना ते कळायचं काही कारण नव्हतं, त्यामुळे त्यांना स्वतंत्रपणे सुचलं असेल, एवढंच म्हणता येतं.

संध्याकाळी हँकॉकच्या शेकर वस्तीत थोडा वेळ थांबलो. 1826 चा दगडी गोल गोठा बघायला सगळे येतात, गर्दी तिथेच. धुलाईघर आणि यंत्रशाळा एकाच इमारतीत आहेत आणि पाण्याच्या टर्बाइनवर दोन्ही चालायची. खाली कपडे, वर सुतारकाम.

तिसरा दिवस: ट्रॉय आणि कोबल्सकिल

ट्रॉयला बघायला उरलंय कमी, ऐकायला भरपूर. स्कॉटलंडहून आलेल्या हेन्री बर्डन यांचा लोखंडाचा कारखाना इथे वायनान्टस्किल ओढ्यावर होता. 1851 मध्ये त्यांनी उभारलेलं पाण्याचं चाक साठ फूट व्यासाचं होतं. साधारण सहा मजली इमारतीएवढं. इथल्याच आरपीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या जॉर्ज फेरिस यांना ते बघून पुढे जत्रेतल्या पाळण्याची कल्पना सुचली, असं गावात सांगतात. चाक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडून पडलं. कारखान्याच्या जुन्या कचेरीत आता लहान संग्रहालय आहे.

त्या चाकावर काय बनायचं, तर घोड्याचे नाल. बर्डन यांचं यंत्र तापलेल्या लोखंडी सळईचा सेकंदाला एक नाल काढायचं. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे घोडे त्यावर धावले. पाण्याच्या जोरावर नाल बनायचे आणि नाल ठोकलेले घोडे शेतातली यंत्रं फिरवायचे. वाफ आली आणि घोडा गेला असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्या शतकात यंत्रं वाढली तसे घोडेही वाढले.

तिथून तासाभरावर कोबल्सकिल. बघण्यासारखं काही नव्हतं, पण गावातून गाडी हळू चालवली. मिनार्ड हार्डर यांचा कारखाना याच गावात होता आणि तिथे 'फिअरलेस' नावाची घोड्याची चालती फळी बनायची. त्या यंत्राला तेव्हा रेल्वे हॉर्स पॉवर म्हणत. ते चालताना पुढे बघायला मिळालं, म्हणून वर्णन तिथेच. कोबल्सकिलमध्ये आम्ही फक्त कॉफी घेतली. ती वाईट होती.

चौथा दिवस: ईस्ट मेरेडिथ, हॅनफर्ड मिल

या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. कॅट्सकिल डोंगरांच्या पायथ्याशी कॉर्टराइट ओढ्यावर 1846 मध्ये करवतखाना सुरू झाला. 1860 मध्ये तो डेव्हिड जोसाया हॅनफर्ड यांनी घेतला आणि वाढवत नेला. करवत, धान्याची चक्की, सुतारकामाची यंत्रं, आणि 1898 पासून गावाला वीजसुद्धा याच गिरणीतून. 1967 पर्यंत धंदा चालू होता. बंद पडल्यावर काही वर्षांतच संग्रहालय झालं, त्यामुळे ही गिरणी भंगारात निघाली नाही. पट्टे जिथले तिथे आहेत.

चाक विसाव्या शतकातलं, फिट्झ कंपनीचं, पोलादी. दहा फूट उंच आणि बारा फूट रुंद. उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेलं पाण्याचं चाक मी प्रथमच पाहिलं. ओढ्याला उतार कमी आणि पाणी बऱ्यापैकी, मग चाक आडवं वाढवायचं. साधा हिशेब.

खरी गंमत तळघरात. चाक फिरतं संथ. तिथून दातेरी चाक, मग शाफ्ट, मग मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा, पुन्हा मोठ्यावरून लहानावर. प्रत्येक टप्प्याला वेग वाढतो आणि करवतीपाशी पोचेपर्यंत तो मिनिटाला शेकडो फेऱ्यांवर गेलेला असतो. डोकं वाकवून, कपडे सावरून चालायचं. अण्णांचं धोतर बघून तिथल्या मार्गदर्शकाने त्यांना कठड्यामागेच थांबवलं. अण्णा चिडले नाहीत. "बरोबर हाय त्याचं. आमच्या गिरणीत एकाचा पंचा गेला हुता पट्ट्यात. माणूस वाचला."

एखादं यंत्र थांबवायचं असेल तर? ओढा तर थांबवता येत नाही, आणि एका रंध्यासाठी चक्कीवाल्याचं काम कोण बंद करणार? म्हणून प्रत्येक यंत्राला शेजारी शेजारी दोन पुल्या. एक आसाला पक्की, दुसरी आसावर मोकळी फिरणारी. लाकडी दुबेळक्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की पट्टा फिरत राहतो आणि यंत्र उभं. गाडीत आपण क्लच दाबतो ते काम इथे एक फाटा करतो.

माझ्या मते सपाट पट्टा हा त्या शतकातला सगळ्यात दुर्लक्षित शोध आहे. इंजिनांचे पुतळे होतात, पट्ट्याचं नाव कुणी घेत नाही. पट्टा घसरतो, ताकद वाया जाते, ही त्याच्यावरची नेहमीची टीका. पण करवत गाठीत अडकली की दातेरी चाकाचा दात मोडतो, पट्टा मात्र घसरतो किंवा सुटून खाली पडतो. मग शिव्या देत परत चढवायचा, दोन मिनिटांचं काम. घसरणं हाच त्याचा गुण. शिवाय चामडं गावात मिळतं आणि तुटलं तर चांभार शिवून देतो.

रात्री लँकेस्टर गाठायचं होतं. रस्ता लांब, पाऊस, अण्णा झोपलेले.

पाचवा दिवस: किन्झर्स, पेनसिल्व्हेनिया

लँकेस्टर जिल्ह्यातल्या किन्झर्सला 'रफ अँड टंबल' नावाची जुन्या इंजिनवाल्यांची संघटना आहे, 1948 पासूनची. ऑगस्टमध्ये त्यांचा मळणीवाल्यांचा मेळा भरतो. जत्राच म्हणा. कोळशाचा धूर, शिट्ट्या, तळलेले पदार्थ आणि तेलकट टोप्या घातलेले आजोबा.

आधी घोडे. चालती फळी म्हणजे लाकडी पट्ट्यांचा चढता, न संपणारा रस्ता. घोडा पिंजऱ्यात उभा राहतो, ब्रेक सोडला की पायाखालची फळी मागे सरकायला लागते आणि त्याला चालणं भाग पडतं. तो कुठेच पोचत नाही. बाजूच्या चाकावरून पट्टा निघतो आणि सरपण कापणाऱ्या छोट्या करवतीला जातो. मी मनात हिशेब केला. साडेपाचशे किलोचा घोडा, ताशी सव्वातीन किलोमीटरची चाल, सहास एक असा चढ. उत्तर येतं आठशे वॅटच्या जवळपास, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती. घोडा एका घोड्याएवढंच काम करतो हे गणिताने सिद्ध झाल्यावर अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लिहीत नाही.

या यंत्राचा एक धोका असा, की पट्टा सुटला तर ओझं एकदम जातं आणि फळी घोड्याच्या पायाखालून पळायला लागते. म्हणून वेग वाढला की आपोआप लागणारा ब्रेक बसवू लागले.

दुसरा प्रकार गोल फिरणाऱ्या घोड्यांचा. हे बघताच अण्णा पुढे झाले. मध्ये दातेरी चाकांचं जड जोतं, त्यातून बाहेर निघालेल्या लाटा, म्हणजे लांब लाकडी दांडे, आणि प्रत्येक लाटेला घोड्यांची जोडी. मोठ्या यंत्राला दहा-बारा, कधी चौदा घोडे. मधल्या फळीवर चाबूक घेऊन उभा असलेला हाकणारा. आमच्या चरकाची लाटही अशीच फिरायची. फरक एवढाच, की चरकात ऊस मधल्या रुळांतच भरतात, तर इथे जोर वर्तुळाबाहेर न्यायचाय. मळणीयंत्र लांब उभं आणि मध्ये घोडे फिरतायत. मग जोर कुठून नेणार? त्यांच्या पायाखालून. जमिनीलगत लोखंडी दांडा टाकलेला असतो, तुकड्या-तुकड्यांचा, सांध्यांनी जोडलेला. त्यावर लाकडी खोकं. घोडे दर फेरीला त्यावरून पाय उचलून पलीकडे जातात.

तो सांधा म्हणजे आजच्या ट्रकखाली असतो तोच युनिव्हर्सल जॉइंट. जमीन ओबडधोबड असली तरी चालतं. पण एकटा सांधा तिरका बसला की पुढचा दांडा दर फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. दुसरा सांधा नेमक्या उलट कोनात बसवला की ही हिसकाहिसकी संपते. तेव्हाचे मळणीवाले सूत्र न लिहिता, दांड्याला हात लावून हे जुळवायचे. मात्र हाच दांडा सगळ्यात जीवघेणा. झगा, पायघोळ कोट, बुटाची नाडी, काहीही त्यात गुंडाळलं जायचं.

बारा फुटांच्या लाटेवर घोडे मिनिटाला फार तर तीन फेऱ्या मारतात. मळणीयंत्राचा दातेरी पिंप मिनिटाला हजारावर फेऱ्या घेतो. मधली साडेतीनशे पट वाढ ही सगळी चाकांची, दांड्यांची आणि पट्ट्यांची करामत. मेन राज्यातल्या हायरम आणि जॉन पिट्स या जुळ्या भावांनी 1837 मध्ये मळणी आणि उफणणी एकाच यंत्रात आणली, तेव्हा ओढायचं ओझं आणखी वाढलं. हायरमचं त्याआधीचं काम घोड्याच्या चालत्या फळीवरच होतं, हा योगायोग नव्हे.

दुपारी वाफ. विस्कॉन्सिनच्या रासीनमध्ये मळणीयंत्रं बनवणाऱ्या जेरोम केस यांनी 1869 मध्ये आपलं पहिलं वाफेचं इंजिन काढलं. ते घोड्यांनी ओढून शेतावर न्यायचं. पुढे इंजिन स्वतःच चालू लागलं, तरी सुरुवातीच्या इंजिनांपुढे वळण घेण्यासाठी घोड्यांची जोडी जुंपलेली असायची. चालायला वाफ, वळायला घोडा. हे चित्र मला फार आवडतं.

इंजिन आणि मळणीयंत्र यांच्यात सत्तर फुटांच्या आसपास अंतर ठेवतात, म्हणजे पट्टा दीडशे फुटांचा लागतो. कारण ठिणग्या. गव्हाच्या काडाशेजारी भट्टी कोण लावेल? एवढा लांब पट्टा वाऱ्यात फडफडतो, म्हणून त्याला मध्ये एक पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा चढवतात. पट्टा पुलीला जास्त गुंडाळला जातो आणि पकड वाढते. इंजिनवाला नजरेने ओळ धरून इंजिन मागे घेतो, पट्टा ताणतो. दोनदा जुळलं नाही, तिसऱ्यांदा जुळलं, टाळ्या पडल्या.

त्याच इंजिनवर नंतर गोल करवत. चार फुटांचं पातं, मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फेऱ्या. थांबलेलं असताना ते पातं थोडं ढिलं लागतं. कारागीर हातोडीने ठोकून मधला भाग मुद्दाम सैल करतो. ठरलेल्या वेगाला आलं की बाहेरची कड ताणली जाते आणि पातं ताठ होतं. म्हणजे वेग पडला की करवत वाकडी जाणार. मोठी गोल करवत घोड्यांवर नीट का चालेना आणि वाफ मिळताच जंगलांच्या जंगलं का कापली गेली, हे इथे भुशाच्या माऱ्यात उभं राहिल्यावर कळलं.

शेवटचा दिवस: अमिश शेतं

अमिश हा जुन्या पद्धतीने, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. आदल्या दिवशी मेळ्यात ओळख झालेल्या एका अमिश सुताराने कारखाना बघायला बोलावलं होतं. फोटो नाही, एवढीच अट. नाव मीही लिहीत नाही. या लोकांनी 1920 च्या आसपास ठरवलं की रस्त्यावरच्या खांबावरची वीज घरात घ्यायची नाही. यंत्रांना बंदी नाही, जगाशी बांधणाऱ्या तारेला आहे. त्यामुळे बाहेरच्या खोपटात डिझेल इंजिन, जमिनीखाली लाइन शाफ्ट आणि जमिनीला पाडलेल्या फटीतून वर येणारे पट्टे. लॉवेलला काचेआडचा इतिहास म्हणून पाहिलेली व्यवस्था इथे स्वयंपाकघरातली कपाटं बनवत होती. काही यंत्रं दाबलेल्या हवेवर आणि तेलाच्या दाबावरही चालतात.

त्याने मग शेजारच्या शेताकडे बोट दाखवलं. ओढ्यात गुडघाभर उंचीचं पाण्याचं चाक, त्याच्या क्रँकला बांधलेली तार, आणि ती तार झुलत्या खुंट्यांवरून कुरणातून थेट घराजवळच्या पंपापर्यंत. तार फिरत नाही, फक्त पुढेमागे ओढली जाते, पंपाचा दांडा वरखाली होतो आणि घरात पाणी येतं. फ्रान्समधल्या अल्सासमध्ये फर्डिनांड हिर्न यांनी 1850 मध्ये तारेचा दोर पुल्यांवरून अखंड फिरवून गिरणीचा जोर लांब नेला होता आणि 1866 मध्ये स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेनला ऱ्हाइन नदीचा जोर तशाच दोरांनी कारखान्यांना वाटला गेला. विजेच्या तारांनी तो सगळा खटाटोप मोडीत काढला. इथली तार त्याहून साधी आणि अजून कामावर.

"ओढती ते कळलं," अण्णा म्हणाले, "पर माघारी कशी जाती? तार काय ढकलत न्हाई."

सुताराला प्रश्न आवडला. पंपाच्या टोकाला वजन टांगलंय, ते तार परत खेचतं. अण्णा खाली बसून चाकाच्या फेऱ्या मोजायला लागले, मग खुंट्या मोजल्या, मग तारेची जाडी विचारली. थंडीत काय, बर्फ झाला तर? चाक काढून ठेवतो आणि हाताने पंप मारतो, सुतार म्हणाला.

परतताना गाडीत त्यांनी मांडणी करून पाहिली. आमच्या ओढ्याला पाणी दिवाळीपर्यंत टिकतं, तेवढ्यात वरच्या हौदाची सोय होईल. चाक कागलला वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येईल, तार काय कुठेही मिळते.

"मग करूया की, अण्णा. मी चित्र काढून देते."

"चित्राचं काय न्हाई गं," ते म्हणाले. "ओढा आणि हौद यांच्या मधी तुझ्या चुलत्याचा बांध हाय. त्यो वरनं तार जाऊ देणार हाय व्हय?"